विजेचा फासा

इगतपुरीचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला घरांत कोंडून राहणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. थळघाटाच्या माथ्यावरचें हें गांव जुलै-ऑगस्टांत ढगांतच बुडालेलें असतें. वह्यांचीं पानें मऊ पडतात आणि कितीहि काड्या ओढल्या तरी एक पेटत नाहीं. अशा एका पावसाळ्यांत आमच्या घरच्या मुलांचा लुडोचा फासा हरवला. दुकानांतून दुसरा आणणें हा शहाणपणाचा मार्ग होता. परंतु ज्याच्या घरीं डाख देण्याचें हत्यार असतें त्याला शहाणपण सुचत नाहीं. मीं मुलांना विजेचा फासा करून देण्याचें कबूल केलें. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

अशा फाशाचीं अंगें तीन. एक ठोके देणारें, दुसरें ते मोजणारें, आणि तिसरें म्हणजे दिवे. दिवे सात पुरतात: एक मधोमध आणि उरलेले सहा जोडीजोडीनें. मोजण्याचें काम ४०१७ क्रमांकाची चिप करते. तिला दर सहाव्या ठोक्याला आरंभाकडे वळविलें कीं ती सहांतच फिरत राहते.

खरी गंमत ठोके देणाऱ्या चिपेंत आहे. तिचा क्रमांक ५५५. हान्स कामेन्झिंड या स्विस अभियंत्यानें १९७१ सालीं कॅलिफोर्नियांत तिची रचना केली आणि सिग्नेटिक्स कंपनीनें १९७२ सालीं ती बाजारांत आणली. कंडेन्सर हा विजेचा रांजण आणि रोधक ही त्यांत पाणी सोडणारी बारीक तोटी, असें समजा. रांजण पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश पातळीपर्यंत भरला कीं चिप तो रिता करूं लागते. बॅटरी कांहींशी उतरली तर पातळीहि त्याच प्रमाणांत खालीं येते, आणि लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. या एका युक्तीसाठीं मला ही चिप फार आवडते.

मीं अशा दोन चिपा घेतल्या. एक सेकंदास १० ठोके देणारी. दुसरी, कळ दाबतांच पहिलीला तीन सेकंद चालूं देऊन थांबविणारी. या वेळेचें गणित सोपें आहे: रोध आणि धारकता यांचा गुणाकार करून त्यास १.१ नें गुणावें. २७ लाख ओहमांचा रोधक आणि १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला कीं २.९७ सेकंद येतात. कळ दाबली; दिवे लुकलुकत फिरले आणि थांबले. घरांत जयजयकार झाला.

तो तासभरच टिकला. लुडोंत सहा पडल्याखेरीज सोंगटी घराबाहेर निघत नाहीं, आणि त्या संध्याकाळीं एकाहि सोंगटीनें घर सोडलें नाहीं. माझी दहा वर्षांची पुतणी वहींत आंकडे टिपीत होती. "काका," ती म्हणाली, "हा फासा पांच, तीन, एक, पांच, तीन, एक असेंच करतो." तिला शकुनिमामाची गोष्ट ठाऊक होती, तिच्या नजरेवरून तें मला स्पष्ट दिसलें.

मीं मोजून पाहिलें. तीस ठोके पडावयाचे, ते अठ्ठावीसच पडत होते. २८ ला ६ नें भागलें तर बाकी ४ उरते. म्हणजे प्रत्येक खेपेस फासा आधींच्या अंकापासून चार घरें पुढें जाई. एकापासून पांचावर, पांचापासून तिनावर, तिनापासून पुन्हां एकावर. सहाला वाटच नव्हती! कारणहि सांपडलें. २७ लाख ओहम ही अत्यंत बारीक तोटी. पट्टीवर धूळ आणि दंव यांचा थर बसला कीं त्यांतूनहि वीज झिरपते, जणुं शेजारीं दुसरी तोटी सुटते. रांजण लौकर भरतो आणि तीन सेकंदांचे पावणेतीन होतात. मीं पट्टी पुसली, दिव्याच्या उबेला वाळविली, आणि पुन्हां मुलांपुढें ठेवली. आतां फासा दर वेळीं एकच अंक दाखवूं लागला: एक. ३० ला ६ नें निःशेष भाग जातो!

पावसाला दोष देऊन मी मोकळा होणार होतों. वस्तुतः पावसानें माझीच चूक थोडी झांकली होती. ठराविक गतीचे ठोके ठराविक वेळ दिले तर उत्तर ठराविकच येणार. तो फासा नव्हे, आमच्या स्टेशनावरचें वेळापत्रक होय.

मग अनिश्चितता आणावी कोठून? ती आपल्या बोटांतच असते. मीं ठोके सेकंदास ५,००० केले आणि बोट कळेवर असेल तोंवरच ते चालावे अशी जोडणी केली. बोट उचलण्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका फरक पडला, तरी ५० ठोक्यांचा, म्हणजे आठांहून अधिक फेऱ्यांचा फरक पडतो. इतकें मोजून बोट उचलणारा अद्याप जन्मावयाचा आहे. तीन सेकंदांच्या चिपेकडे आतां फक्त आलेला अंक उजळून दाखविण्याचें काम आहे. तिचा रोधक दहापट लहान आणि कंडेन्सर दहापट मोठा केला. वेळ तोच राहिला, पण रुंद तोटीला दंवाची झिरप जाणवत नाहीं. जाणवलीच तर दिवा थोडा आधीं मालवेल; अंक बदलणार नाहीं.

पुतणीचा विश्वास मात्र एवढ्यानें बसला नाहीं. तिनें ६०० वेळां कळ दाबण्याचें ठरविलें. मीं तिला सांगितलें कीं प्रत्येक अंक बरोबर १०० वेळां येईल असें धरूं नये. ८२ ते ११८ पर्यंत येणें स्वाभाविक आहे. शिवाय नुसती बेरीज पुरत नाहीं. ओळीनें एक ते सहा म्हणत जाणारा लबाड फासाहि बेरजेंत अगदीं प्रामाणिक दिसेल. म्हणून कोणत्या अंकामागून कोणता येतो, हेंहि लिहावें. दोन दिवस ती लिहीत होती. तिसऱ्या दिवशीं सोंगट्या घराबाहेर पडल्या.

धाकट्या पुतण्याची मात्र तक्रार राहिली आहे. इतक्या वेगांत सातहि दिवे एकदम मंद पेटल्यासारखे दिसतात, आणि फासा फिरतांना कांहीं दिसत नाहीं. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं तो डबी कानाशीं धरून चांगली खुळखुळवितो.