चांगदेवचा संगम



आज जाऊ या तापीकाठी…
जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेव गावी.
इथे पूर्णा येऊन तापीला मिळते.

संगमाजवळ योगी चांगदेवांचं जुनं देऊळ आहे.
सगळं दगडी.
भिंतींवरचं कोरीव काम बघायला वेळ ठेवा.
दर्शन घेतलं की लगेच निघालो, असं नको!

ज्ञानेश्वरांनी 65 ओव्या लिहिल्या, त्या याच चांगदेवांसाठी.
चांगदेवांच्या गुरू मुक्ताबाई.
त्यांची देवळं जवळच आहेत…
कोथळीला आणि मेहूणला.
आषाढीसाठी मुक्ताबाईंची पालखी कोथळीहूनच पंढरपूरला निघते.

महाशिवरात्रीला चांगदेवला मोठी यात्रा भरते.
गर्दी आवडत असेल, तर तेव्हा या.
मला विचाराल, तर हिवाळा बरा.
हतनूर धरणाचं पाणी मागे पसरलेलं असतं…
त्यावर दूरदूरचे पक्षी उतरतात.
दुर्बीण असेल, तर घेऊन या.

आणि हिवाळा म्हणजे भरीत!
सोबत कळण्याची भाकरी.
खान्देशात येऊन हे चुकवू नका.

रेल्वेनं येणाऱ्यांना भुसावळ सोयीचं.

पुन्हा सांगतो…
गाव चांगदेव, संगम तापी-पूर्णेचा, आणि यायचं हिवाळ्यात.

एक विनंती.
धरणामुळे पाणी खोल असतं.
मुलांना एकटं काठावर सोडू नका.