आर्द्रेच्या ताऱ्याचे पालटते तेज



आर्द्रेच्या पावसाचे महत्त्व वेळापूरच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. २२ जूनच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. पण ज्या ताऱ्यावरून नक्षत्र ओळखायचे तो काक्षी तारा तेव्हा सूर्याच्या तेजात लपलेला असतो. आषाढात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी वेळापुरी मुक्कामास येते, त्या दिवसांतही तो सहसा दिसत नाही. तो पाहावा फेब्रुवारीत, रात्री नऊच्या सुमारास. मृगाच्या चार पायांपैकी ईशान्येकडील तांबूस तारा तो हाच. त्या वेळी तो जवळजवळ डोक्यावर असतो.

या ताऱ्याचे तेज स्थिर नाही, हे १८३६ साली जॉन हर्शेल यांच्या ध्यानी आले. अशा ताऱ्यास रूपविकारी तारा म्हणतात. काक्षी इतका विशाल आहे की सूर्याच्या जागी ठेवल्यास मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. हा अवाढव्य गोल सुमारे ४०० दिवसांच्या आवर्तनाने फुगतो व आक्रसतो. तथापि घड्याळाची नियमितता त्यात नाही.

२०१९ च्या अखेरीस तो असाधारण मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या एकतृतीयांशाहून थोडेच अधिक उरले. तारा आता फुटणार, अशी वदंता उठली, आणि ती शाळेपर्यंत पोहोचली तर मुले गुरुजींनाच विचारणार! ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ बनून ती आड आली व पृष्ठाचा काही भाग थंडावला, असे वेधांवरून दिसून आले. पुढे काही महिन्यांतच तेज पूर्ववत झाले. तो केव्हातरी फुटेल हे खरे. पण त्यास कदाचित एक लाख वर्षेही लागतील.

वेध घेण्यास दुर्बीण नको. प्रश्वा ०.४ प्रतीचा, रोहिणी ०.९ प्रतीची; प्रत वाढते तसे तेज घटते. काक्षी सामान्यतः या दोहोंच्या दरम्यान असतो. प्रश्वाहून मंद पण रोहिणीहून किंचित तेजस्वी भासल्यास ०.७ लिहावे. २०२० साली तो मृगाच्या वायव्येकडील पायाइतका, म्हणजे १.६ प्रतीपर्यंत उतरला होता. तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नये, तो उगाच अधिक तेजस्वी भासतो. नजर झरझर फिरवावी. क्षितिजालगतचा वेध घेऊ नये. प्रत्येक मुलाने आपला आकडा दुसऱ्यास विचारण्यापूर्वीच, तारीख व वेळेसह, वहीत लिहावा.