पहिलं पान स्वतःच्या हातानं



सकाळपासून काही मुली मला विचारतायत, "ताई, वेबसाईट बनवायचीय, पण कोड बघून भीती वाटते." त्यांच्यासाठीच बोलते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलची माहिती दिली, तेव्हा त्यात सुमारे १८ टॅग होते. आपलं मराठी 'मायबोली' १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं. आजही सुरुवातीला नोटपॅड आणि ब्राउझर पुरतात. इंटरनेट नसलं तरी चालतं.

पहिलं पान देऊळघाटचंच करा. वर गावाचं नाव, खाली पैनगंगेवर एक परिच्छेद, मग बाजारभावाचा तक्ता. 'यूटीएफ-८' ची ओळ आठवणीनं घाला, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. भाषेसाठी 'एमआर' लिहा, म्हणजे अंध व्यक्तीला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकेल.

चुकलं तर काही बिघडत नाही. बंद न केलेला टॅग ब्राउझर बऱ्याचदा सांभाळून घेतो. सीएसएसची न समजलेली ओळ तो सोडून देतो. एका वेळी एकच ओळ बदला, सेव्ह करा, रिफ्रेश करून बघा. कशानं काय झालं ते कळत गेलं, की भीती आपोआप जाते.

आता एआय क्षणात पान करून देतं. खुशाल वापरा. पण त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत मी उमेदवारांना हेच विचारते.

पान तयार झालं की सरांकडे द्या. मी ओळ न् ओळ वाचून कळवीन.