मुंग्या आल्या तर 'वात' म्हणून सोडू नका
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आमवात म्हटला की सुजलेली बोटे आणि आखडलेली मनगटे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण हा रोग सांध्यांपाशीच थांबेल असे नाही. तो कधी मज्जातंतूंनाही गाठतो. ते मला फार उशिरा कळले.

माझ्या सासूबाईंना बारा वर्षे आमवात होता. एके वर्षी भाकरीचे पीठ मळताना त्यांचे हात बधिर होऊ लागले. 'वात वाढला' म्हणून आम्ही शेकत राहिलो. पुढे त्यांना चोळीची बटणे लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा कोठे तपासणी झाली. मानेचा मणका सरकून मज्जारज्जू दाबला जात होता. शस्त्रक्रियेने पुढची हानी टळली; गेलेली शक्ती मात्र पुरती परतली नाही.

आपल्या कर्जत तालुक्याच्या पलीकडे, भीमेपार भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर पाहणी केली. तेथे 200 प्रौढांमागे सुमारे एकाला हा रोग आढळला. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुपटी-तिपटीने अधिक असतो. तेव्हा तो आपल्या आळीतही असणारच.

तीन खुणा ध्यानात ठेवा. मनगटातील सुजेने नस दाबली गेली, तर अंगठा व शेजारच्या दोन-तीन बोटांना रात्री मुंग्या येतात. वेळीच उपाय केल्यास हात वाचतो. नसेला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी सुजली, तर पाऊल एकाएकी लुळे पडते, चप्पल पायात राहत नाही. तिसरी खूण मानेची: डोक्याच्या मागे कळ, मान वाकवताच पाठीतून वीज गेल्यासारखे वाटणे, हातापायांतली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. पाऊल लुळे पडले किंवा मानेच्या या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आमवात असलेल्या बाईची मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका. कसलीही शस्त्रक्रिया असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवाताचे आधी सांगा. नळी घालताना ते मान जपतील. आमवाताची औषधे लवकर सुरू करून नेमाने घेतली, तर हे प्रसंग पुष्कळ टळतात.

घरातले सगळे जेवल्यावर आपण आपले दुखणे आठवतो. मुंग्या आल्या तर तेवढीही वाट पाहू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.