माळेची शपथ

माऊली, आज आधी माझीच एक चूक कबूल करतो. कीर्तन संपलं की बाया नवऱ्याला पुढे आणायच्या आणि मी त्याला गळ्यातल्या तुळशीमाळेवर हात ठेवून दारू सोडायची शपथ घ्यायला लावायचो. एकाची शपथ आठ दिवसांत मोडली. लाजेनं त्यानं माळ काढून ठेवली, वारीला येणंही बंद केलं. दारू राहिली, पांडुरंग सुटला! हे पाप कुणाच्या खाती, महाराज?

पुढे व्यसनमुक्ती केंद्रातून त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीचा पत्ता मिळाला. बैठक खुली होती, म्हणून मीही सोबत गेलो. शाळेची खोली, बाकं, चहा. फी नाही, आडनाव नाही, जात नाही. अट एकच, सोडायची इच्छा हवी. उपदेश कुणी करत नाही (मला तर बोलायचंच काम नव्हतं!). जो तो आपलंच सांगतो, आजच्या दिवसापुरतं न पिण्याचं बोलतो. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरत हे सुरू केलं.

तुम्हीही विचारा. १४४४६ या सरकारी क्रमांकावर केंद्राचा पत्ता मिळतो. बैठक चर्चच्या हॉलमध्ये असली तरी बिचकू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम सोडू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. फिट येऊ शकते.

तो मधे एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसला, कुणी हाकललं नाही. परवा माझ्याकडे आला होता, माळ घालून घ्यायला. शपथ मी घातली नाही.