मर्यादा कोणाची?



‘काफ्का’ ही संगणकांच्या निरोपांची टपालकचेरीच होय. एकेका विषयाचे निरोप ती ‘पार्टिशन’ म्हणजे विभागांत वाटून तबकडीवर जपते. किती जपावे आणि जुने केव्हा पुसावे, हे ‘रिटेन्शन बाइट्स’ या नोंदीने ठरते. तेथे १०० गिगाबाइट लिहिले, की वाचणाऱ्यास वाटते, साऱ्या विषयाला १००. पण ही मर्यादा एकेका विभागाची! विभाग १२, तर १,२०० झाले; प्रत्येकाच्या ३ प्रती, तर ३,६००. तबकडी भरली, की कचेरीचे काम अडलेच! म्हणून माहितीपुस्तिकेत पुढे स्पष्ट वाक्य आले: विभागांच्या संख्येने गुणावे. यंत्र बिनचूक होते. वाक्य अपुरे होते. नियम लिहिणाऱ्याने ‘दर’ हा दोन अक्षरी शब्द गाळू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.