प्राथमिक शिक्षकाची घडण आणि शिकण्याची साधने

(मंडळाच्या शैक्षणिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाने आज्ञा केली. विषय थोडा रुक्ष आहे याची आम्हाला कल्पना आहे. गुणवंतांचा सत्कार नुकताच झाला, आणि भोजनाला अजून अवकाश आहे असे कार्यकर्ते सांगतात. तेव्हा एवढा वेळ आपण आम्हाला सहन करावे. 'आम्ही' म्हणजे मंडळाचा रविवारचा वर्ग चालविणारे पाच-सहा जण. काही निवृत्त शिक्षक, दोघी सध्या शिकविणाऱ्या, आणि एक भाची, जी वर्ग सुरू झाला तेव्हा डी.एड. करीत होती. जे सांगणार आहोत त्यात आमची फजितीच जास्त आहे.

घोडबंदर रोडवर ओवळ्याच्या बाजूला एका टोलेजंग इमारतीचे काम चालू होते. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत नांदेड, परभणी, यवतमाळकडची कुटुंबे राहत. त्यांच्या मुलांसाठी आपण वर्ग काढला. भाचीने मोठ्या उत्साहाने तक्ते तयार केले. फळांचा तक्ता, फुलांचा तक्ता, वाहनांचा तक्ता, शिवाय भौमितिक आकृत्यांचा थर्माकोलचा फलक. सगळ्याला प्लास्टिकचे आवरण. तिच्या अध्यापक विद्यालयात याच साहित्याला चांगला शेरा मिळाला होता, आणि तो तिच्या पाठाच्या फाईलमध्ये लाल शाईने लिहिलेला आम्ही स्वतः पाहिला.

पहिल्या रविवारी खोली भरली. चौथ्या रविवारी सात मुले उरली.

कारणे आम्ही नेहमीचीच काढली. पालक उदासीन आहेत, मुले उनाड आहेत, आज येथे तर उद्या दुसऱ्या साइटवर. त्यात खोटे काही नव्हते. परंतु एक गोष्ट आम्ही एकमेकांपासूनही लपवून ठेवली होती, ती आज सांगतो. दुसऱ्या रविवारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी फळांच्या तक्त्यापाशी गेली आणि सफरचंदावर बोट फिरवू लागली. 'हात लावू नकोस, फाटेल,' असे आमच्यातूनच कोणीतरी दटावले. 'हात लावू नकोस' हे शब्द आपल्या समाजाने किती पिढ्या ऐकले, ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. ते आमच्याच तोंडून निघाले, तेही साध्या पुठ्ठ्याच्या तक्त्यासाठी.

पाचव्या रविवारी मुसळधार पाऊस होता म्हणून तक्ते नेले नाहीत. काटकोन शिकवायचा होता. गुंडाळी फळ्यावर खडूने आकृती काढली, व्याख्या सांगितली. एक मुलगा म्हणाला, 'सर, हा तर गुण्या.' आणि आमच्या परवानगीची वाट न पाहता तो बापाच्या पिशवीतून गवंड्याचा गुण्या घेऊन आला. भिंतीच्या कोपऱ्याला लावला, खिडकीला लावला, आमच्या वहीला लावला. खोलीच्या दाराची चौकट गुण्यात नाही हे त्याने आम्हाला दाखवून दिले. त्यामागून ओळंबा आला आणि उभी रेषा म्हणजे काय हे आम्हाला सांगावे लागलेच नाही. पाऊस थांबल्यावर आम्ही सगळे बाहेर विटांच्या चट्ट्याजवळ गेलो. लांबीत आठ, रुंदीत पाच, थर सहा. न मोजता विटा किती? एका मुलीने चाळीस चाळीस करीत बोटांवर सहा वेळा मोजले आणि दोनशे चाळीस सांगितले. गुणाकार हा शब्द तिला ठाऊक नव्हता.

तक्त्याला हात लावणारी मुलगी मात्र पुन्हा आली नाही. तिचे कुटुंब कामाच्या शोधात पुढे गेले होते.

त्या दिवसापासून आम्ही एक प्रश्न स्वतःला विचारू लागलो. शैक्षणिक साधन कोणासाठी असते? छात्राध्यापकाच्या सराव पाठाच्या निरीक्षकासाठी, की मुलाच्या हातासाठी?

हा प्रश्न आमचा नाही, फार जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, असे चरित्रकार नोंदवितात. म्हणजे आपल्याकडील स्त्रीशिक्षणाचा आरंभ प्रशिक्षित शिक्षिकेपासून झाला. ही बाब जयंतीच्या भाषणांत बहुधा राहून जाते. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाविषयी जे लिहिले, ते प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचून दाखवावे असे आमचे मत आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार मिळावा, तो शेतकरी-कष्टकरी समाजात मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा असावा, आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, असा त्याचा आशय आहे. ते निवेदन आमच्या वाचनात पूर्वीच आले होते. गुण्या हातात येईपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता, एवढेच.

आता घोडबंदर रोडनेच थोडे पुढे जाऊ. गायमुख, चेना ओलांडून हा रस्ता घोडबंदरला अहमदाबाद महामार्गाला मिळतो. त्या महामार्गाने उत्तरेला चारोटी नाक्यापर्यंत जाऊन डहाणूकडे वळले की कोसबाडची टेकडी येते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी हा सारा मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ तेथे आल्या. अनुताई बालविधवा होत्या. त्यांनी शिक्षिकेची नोकरी सांभाळून रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक केले होते. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला नेण्यात आले.

ताराबाईंनी त्यापूर्वी गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले होते. माँटेसरी पद्धती त्यांना पूर्ण अवगत होती. पण माँटेसरीची लाकडी साधने महाग, आणि खेड्यात ती कोण आणणार? बोर्डीला समुद्र आहे. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती हीच साधने झाली. लहान-मोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत, सारे त्यांतून शिकता येई. साधन तुटले तर रडण्याचे कारण नाही, किनाऱ्यावर दुसरे आहेच. म्हणून तेथे मुलाला दटावावे लागत नव्हते. आमच्या वर्गात नेमके हेच चुकले होते, हे आम्हाला फार उशिरा समजले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून आला आणि १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून कुरणशाळा निघाली. शिक्षक गुरांमागे मुलांबरोबर गेला. बालसेविकांचे प्रशिक्षण याच वातावरणात होई. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे हा त्यातला पहिला धडा. या शिक्षणात हर्बार्टच्या पायऱ्यांना फारशी जागा उरत नसणार, आणि ते बरेच झाले.

हीच परंपरा आपल्या परिसरात पुढेही चालली. वसईच्या बाजूला विधायक संसदेने वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतील शिक्षकांनी वर्गाची फरशी, भिंती आणि काड्या-चिंचोके मुलांच्या हाती दिले, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. सरकारी शाळेत काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी तिकडे एकदा जाऊन यावे.

मग प्रशिक्षणात अडते कोठे? १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. खडू-फळा योजनेत शाळांना साहित्याच्या पेट्या आल्या. अनेक ठिकाणी त्या पेट्या कुलपात राहिल्या, कारण फुटले-तुटले तर हिशेब मुख्याध्यापकाला द्यावा लागे. डी.एड.चे नाव बदलून आता डी.एल.एड. झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आला, दीक्षा ॲप आले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरीही सराव पाठाच्या दिवशी छात्राध्यापक तक्ता घेऊन येतो, तो टांगतो, पट्टीने दाखवतो, आणि घंटा झाली की गुंडाळून घरी नेतो. पडद्यावरचे चित्र हाही तक्ताच आहे, फक्त हलतो एवढेच. पाठ टाचणात 'शैक्षणिक साहित्य' असा रकाना असतो. त्याच्या शेजारी 'हे साहित्य किती मुलांच्या हातात गेले' असा रकाना छापायला काही खर्च येणार नाही.

येथे फळ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळू नयेत म्हणून मुलांची धावपळ उडाली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे. फळा होता, खडू होता, बोलावणारे शिक्षकही होते. साधन वर्गात असले म्हणजे ते सर्वांचे होते असे नाही. आज डबे कोणी हलवीत नाही. पण फळ्यापाशी कोणाला बोलावले जाते, प्रश्न कोणाला विचारला जातो, चुंबक कोणाच्या हातात दिला जातो, याची नोंद ठेवून पाहावी.

ती नोंद आम्ही ठेवली. वर्गाच्या बैठकीचा नकाशा कागदावर काढला आणि भाचीच्या पाठाच्या वेळी आमच्यापैकी एक जण मागे बसून खुणा करीत राहिला. प्रश्न विचारला की उभी रेघ, वस्तू हातात दिली की फुली. पाठ संपल्यावर पाहिले तर पुढच्या रांगेत रेघांची गर्दी. मागे दाराजवळ तीन मुली बसल्या होत्या, त्यांच्या जागा कोऱ्या. भाची रडवेली झाली. मग तिने तोच कागद घेऊन आमचा पाठ तपासला. आमचा नकाशा तिच्याहून वाईट निघाला, आणि आम्ही तर तीस-तीस वर्षे शिकविलेले.

तेव्हा डी.एल.एड. करणाऱ्या विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे की, सराव पाठ अध्यापक विद्यालयात देण्यापूर्वी एकदा आमच्या रविवारच्या वर्गात द्यावा. तो आता कासारवडवलीजवळ दुसऱ्या बांधकामावर भरतो. वेळ सकाळी नऊ ते अकरा. एक लोखंडी ट्रंक तेथे ठेवली आहे. तिच्यात गुण्या, ओळंबा, चिंचोके, काड्या, शिंपले, मोजपट्ट्या, शब्दपट्ट्या आणि फाटलेले तक्तेही आहेत. ट्रंकेला कुलूप नाही. सभासदांच्या घरी जुनी तागडी, रिकामे डबे, बटणे, सुतारकामाची हत्यारे असतील तर आणून द्यावीत. मागे बसून नकाशावर खुणा करायलाही दोघे-तिघे हवे आहेत. त्यासाठी शिक्षकच असले पाहिजे असे काही नाही.